रिकाम्या डब्याचे आठ हजार

पत्र

ताई, मी ४४ वर्षांचा. राहायला नाशिकच्या इंदिरानगरात, नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूमला. सहा वर्षांपासून जुनी मनगटी घड्याळं जमवतोय, आता २७ झाली. त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे वडिलांचं एचएमटी जनता. वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. १९७८ च्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून त्यांनी ते घेतलं. मूळ डबा, हमीपत्र, मेन रोडच्या दुकानाचं बिल, सगळं शाबूत आहे. डब्यात आई वर्षानुवर्षं सेफ्टीपिना आणि मंगळसूत्राचे सुटे मणी ठेवायची. गेल्या वर्षी मी ते सगळं एका प्लास्टिकच्या डबीत ओतलं आणि डबा ताब्यात घेतला. आता मुंबईचा एक व्यापारी म्हणतो, घड्याळ तुम्हालाच राहू द्या, मला फक्त डबा आणि कागद द्या, आठ हजार देतो. बायको म्हणते, देऊन टाका, डबा काय मनगटावर बांधणार आहात? ती मला ‘डबेवाला’ म्हणते. (पार्सलं मी कंपनीच्या पत्त्यावर मागवतो, घरी उगाच विषय नको.) दुसरं म्हणजे, माझ्या फेवर ल्युबा सी किंग या घड्याळासाठी एकाकडे रिकामा डबा आहे, साडेतीन हजार मागतोय. घ्यावा का? शिवाय या पावसाळ्यात दोन डब्यांचं अस्तर चिकट झालं, एकातल्या फोमचा भुगा घड्याळावर पडला. काय करू?

उत्तर

डबेवाले,

घरच्यांनी ठेवलेलं नाव मीही वापरते, छान आहे.

कागद देऊ नका. आठ हजारांना नाही आणि अठरा हजारांनाही नाही. डब्याचं प्रकरण वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

व्यापाऱ्याला घड्याळ नकोय, यातच सगळं आलं. जनता हे काही दुर्मिळ घड्याळ नव्हे. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये एचएमटीने बंगलोरला घड्याळं करायला घेतली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं मॅट्रिक झालेला मुलगा असो, मांडवातला जावई असो की निवृत्त होणारा हेडक्लार्क असो, त्याच्या मनगटावर एचएमटीच चढलं. जनता म्हणजे चावीचं, १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले बारीक खडे), साधं आणि चिवट मशीन. माझे वडील भद्रकालीत घड्याळजी होते. दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, एक स्टूल आणि मागे भिंतीवर कधीच एका वेळेला टोले न देणारी तीन घड्याळं. ते म्हणायचे, “जनता आपणहून बिघडत नाही, तिला बिघडवावं लागतं.” २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायचा निर्णय घेतला आणि ज्या घड्याळाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याच्यामागे लोक हात धुऊन लागले. घड्याळं घराघरांतून निघालीही. डबे मात्र निघाले नाहीत.

का निघाले नाहीत, ते तुमच्याच पत्रात आहे. आपल्याकडे घड्याळ मनगटावर गेलं की डबा घराचा व्हायचा. झाकण घट्ट, आत मऊ अस्तर, असली वस्तू कोण वाया घालवेल? मग त्यात सुया, हुक, कानातल्याच्या फिरक्या, देवघरातला कापूर, क्वचित कुणाचे पडलेले दुधाचे दात. दहा-पंधरा वर्षांत बिजागरी मोडायची, झाकण एकीकडे आणि बूड दुसरीकडे. वडील गेल्यावर दुकान आवरताना मी स्वतः रिकाम्या डब्यांचं अर्धं पोतं भंगारवाल्याला दिलं. त्याने वजन करून बारा रुपये हातावर ठेवले होते. तेव्हा मलाही तुमच्या बायकोसारखंच वाटलं होतं, म्हणून तिला हसू नका.

तर त्या व्यापाऱ्याच्या कपाटात बिनडब्याची पाच-दहा जनता पडून असणार. त्यातलं बरं दिसणारं एक तो तुमच्या डब्यात ठेवेल, शेजारी तुमच्या वडिलांच्या नावाचं बिल ठेवेल आणि ‘फुल सेट’, म्हणजे घड्याळ, डबा, कागद सगळं मूळचं, म्हणून विकेल. घेणारा कौतुकाने सांगत फिरेल, की हे घड्याळ ओझरच्या एका कामगाराने १९७८ च्या बोनसमध्ये घेतलं होतं. ते खोटं असेल, आणि त्याखाली तुमच्या वडिलांचं नाव असेल. मला हे नाही चालणार. तुम्हाला चालतंय का बघा.

आज संध्याकाळी एक काम करा. हमीपत्रावर घड्याळाचा नंबर लिहिलाय का बघा. लिहिला असेल तर पाठच्या झाकणावर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहा. जुळला तर त्या कागदाइतकी पक्की साक्ष दुसरी नाही. आणि नंबराचा रकाना दुकानदाराने कोराच सोडला असेल, तर व्यापाऱ्याला तुमचा कागद इतका प्रिय का आहे ते कळेल. कोरा रकाना कुठल्याही घड्याळाला लागू पडतो.

तुम्ही नाशिकचे, म्हणून जोगलटेंभीचं उदाहरण देते. १९०६ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या या गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, याचा भक्कम पुरावा त्या साठ्याने दिला. सुटं एक नाणं हातात आलं असतं तर ती एक गंमत ठरली असती. सगळी एकत्र सापडली, म्हणून तो इतिहास झाला. तुमचं घड्याळ, डबा, बिल आणि हमीपत्र हा तुमच्या घरचा छोटासा जोगलटेंभीचा साठा आहे. वाटण्या केल्यात तर चार सुट्या वस्तू हातात राहतील, त्यातल्याही तीन परक्याच्या.

आता सी किंगचा रिकामा डबा. इथे मी तितकी कडक नाही. फेवर ल्युबा हे १७३७ पासूनचं स्विस घराणं, आणि हिंदुस्थानात त्यांचा व्यापार एकोणिसाव्या शतकापासूनचा. त्यामुळे सी किंग आणि सी चीफ आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीत पुष्कळ होती, आणि डबेही अधूनमधून बाहेर येतात. घड्याळाला शोभेल असा डबा हवासा वाटणं हा काही गुन्हा नाही. फोटोला वेगळी फ्रेम करून घेतो तसंच ते. घ्या, पण दोन गोष्टी पाळा. डबा घड्याळाच्याच काळातला आहे याची खात्री करा, आणि घरी आणल्या दिवशी तळाशी पेन्सिलीने बारीक लिहा: ‘डबा वेगळा घेतला, अमुक साल’. पेनने नको, पेन्सिलीने. उद्या तुम्ही नसताना तुमच्या मुलाने तो ‘फुल सेट’ म्हणून विकू नये, एवढ्यासाठी.

काळ कसा ओळखायचा, हे मी पैसे मोजून शिकले. काही वर्षांपूर्वी बुधवारच्या बाजारात, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, एकाकडे वेस्ट एंड कंपनीचं सोवार प्रायमा हे जुनं घड्याळ दिसलं, डब्यासकट. १९५५-५६ चं आहे, म्हणाला. घड्याळजीची मुलगी मी, घड्याळ तिथल्या तिथे उघडून घेतलं, मशीन पाहिलं, बरं होतं. डब्याकडे पाहिलंच नाही. घरी येऊन चष्मा लावला तर झाकणाच्या आत दुकानाचं लेबल, आणि पत्त्यात शहराच्या नावापुढे सहा आकडी पिनकोड. पिनकोड आपल्याकडे आला १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे त्या घड्याळाने स्वतःच्या डब्यासाठी सोळा-सतरा वर्षं वाट पाहिली म्हणायची! वडील असते तर काही बोलले नसते, फक्त भिंग काढून टेबलावर ठेवलं असतं.

तेव्हापासून मी आधी छापील मजकूर वाचते. बिलात आणे असतील तर ते साधारण एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या मधलं, कारण त्यानंतर ‘नये’ गळालं आणि नुसते पैसे राहिले. पत्त्यात बॉम्बेच्या जागी मुंबई छापलेलं असेल तर डबा बहुधा १९९५ नंतरचा. टेलिफोन नंबर किती आकडी आहे तेही बघा, जुन्या शहरांत तो चार-पाच आकड्यांत संपायचा. मग डब्यावरच्या नावाची अक्षरं आणि डायलवरची अक्षरं शेजारी ठेवून पाहा. कंपन्या नावाचं वळण बदलत राहतात, आणि बनावट करणारे नेमके तिथेच फसतात. जपानी सेको घड्याळ असेल तर अजून सोपं. पाठच्या झाकणावरच्या नंबराचा पहिला आकडा म्हणजे सालातला शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरला इंग्रजी एन आणि डी. दशक मात्र आपण मॉडेलवरून ठरवायचं. तुमची सेको कुठल्या साली जन्मली हे कळलं, की समोरचा दाखवतोय तो डबा तिला शोभतो का, हे आपोआप कळेल.

विचारलं नाहीत तरी डायलबद्दल एक सांगते, कारण २७ घड्याळांत दोन-चार रंगवलेली नक्की असणार. जांभळी, हिरवी, केशरी डायल लावलेली ‘जुनी’ एचएमटी बाजारात वारेमाप आहेत. देवनागरी आकड्यांची खरी जनताही होती, म्हणून तर खोटी बनवणं सोपं जातं. भिंगातून बघा. मूळ छपाईची कड चाकूने कापल्यासारखी असते, रंगवलेल्या डायलवर अक्षर कडेला फुटतं. मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नसतील, तर ती डायल मुंबईतल्या एखाद्या गाळ्यात तयार झालीय असं समजा. त्याने घड्याळ वाईट होत नाही. घालायला ठेवा, फक्त मूळ डायलचे पैसे देऊ नका.

चिकट अस्तर आणि फोमचा भुगा. इथे थोडं रागावून सांगते: जुनं घड्याळ जुन्या डब्यात ठेवायचंच नाही. डबा दुकानातून घरापर्यंत आणायला आणि देताना छान दिसायला केलेला होता, पन्नास वर्षं घड्याळ सांभाळायला नव्हे. त्यातला फोम हवेतल्या ओलीने विरतो. आधी पिवळा पडतो, मग चिकट होतो, मग भुगा. तो भुगा चावीच्या कडेने आत शिरला की मशीनच्या तेलात कालवला जातो आणि सर्व्हिसिंगचा खर्च अंगावर येतो. रेक्झिनचंही तेच. त्याला मऊ ठेवणारा तेलकट अंश वर येतो आणि पृष्ठभाग बोटाला चिकटतो. हे कुठल्याही पॉलिशने परत येत नाही, आणि स्पिरिट तर लावूच नका, डब्यावरची सोनेरी अक्षरं पुसून जातील.

भुगा मऊ ब्रशने उलट्या डब्यातून झाडून काढा, जिथे फोम होता तिथे धुतलेल्या जुन्या मलमलीची घडी ठेवा. घड्याळ वेगळ्या कप्प्यात, डबा वेगळ्या, आणि दोघांवर एकच क्रमांक. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे त्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, पण त्या मधूनमधून वाळवाव्या लागतात. वर्षभर त्याच पुड्या ठेवणं म्हणजे ओला टॉवेल ठेवण्यासारखं आहे. डांबरगोळ्या मुळीच नकोत, काही प्लास्टिकं त्यांनी मऊ पडतात आणि वास अस्तरातून कधीच जात नाही. बॅटरीची घड्याळं असतील तर बंद ठेवताना बॅटरी काढा, गळली तर सर्किट खाते. आणि जनतेच्या डब्यात कुंकवाचा किंवा हळदीचा डाग असेल, तर तो घासू नका. चाळीस वर्षं तो डबा एका घरात नांदला, त्याची ती खूण आहे.

गंभीर गोष्ट एकच. १९६० च्या दशकापर्यंतच्या काही घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियम या किरणोत्सारी धातूचा लेप असायचा. चमक आता गेलेली असते, पण रेडियम तसंच असतं, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचं आहे. डायलवर खाली ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी दिसला तर तो ट्रिटियमचा, हा त्याहून सौम्य किरणोत्सारी पदार्थ, त्याची काळजी कमी. पण डायलवर टी नसेल आणि लेप तपकिरी, करपलेला दिसत असेल, तर ते घड्याळ स्वतः उघडू नका, लेप खरवडू नका, आणि अशी चार-पाच घड्याळं झोपायच्या खोलीतल्या बंद ड्रॉवरमध्ये एकत्र कोंबू नका. टूलरूमचा हात आहे तुमचा, स्क्रूड्रायव्हर दिसला की खाज सुटत असेल, म्हणून मुद्दाम बजावते.

आता कंसातलं वाक्य. पार्सलं कंपनीच्या पत्त्यावर. हे तुम्ही कंसात घातलंत, जसं काही त्याचं उत्तर नकोच आहे. डबेवाले, बायको डब्यांवर चिडलेली नाही. तिला घरातली घड्याळं दिसतात, त्यांची किंमत कळत नाही, आणि किंमत कळत नाही तेव्हा माणूस दुप्पट धरतो. एक वही करा. २७ घड्याळांची २७ पानं: कुठे घेतलं, कितीला, काय बदललं, डबा मूळचा की जोडलेला. वही तिच्या हातात द्या. पहिला आठवडा अवघड जाईल, मग तीच म्हणेल की ही सहा विका, ही एकसारखीच दिसतात. आणि बहुतेक तिचं बरोबर असेल, तीन सारखी सेको कुणालाच लागत नाहीत. पुढचं पार्सल इंदिरानगरला येऊ द्या.

राहिला डबा. कागदांवर तुमच्या वडिलांचं नाव आहे, घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. डबा मात्र तेव्हापासून कोणाच्या हाताखाली होता? पत्रात ते तुम्हीच लिहिलंय आणि वाचलं मात्र नाहीत. व्यापाऱ्याने तुम्हाला विचारलं, बायकोने तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला विचारलंत. ज्यांच्या सेफ्टीपिना ओतून डबा ‘ताब्यात घेतला’, त्या बाईंना कोणी काही विचारल्याचं मला पत्रभर दिसलं नाही. तो डबा विकायचा की ठेवायचा, हे मी ठरवणार नाही आणि तुम्हीही ठरवू शकत नाही. आईंना विचारा. त्या म्हणाल्या, दे रे विकून, तर नुसता डबा द्या, कागद नाही, आणि आठ हजार त्यांच्या हातावर ठेवा. त्या म्हणाल्या, मला परत हवाय, तर फोमऐवजी मलमल घालून परत द्या. तुमच्या संग्रहात एक डबा कमी पडेल, त्याच्या जागी वहीत लिहा: ‘डबा आईकडे, वापरात’.

विचारायला जाण्याआधी ती प्लास्टिकची डबी शोधा आणि मणी मोजून घ्या. ओतताना एखादा कॉटखाली गेला असेल तर त्यांना तो नक्की आठवत असेल.